हॅमॉकचं कापड: लांबी आणि पन्हा आधी, मजबुती नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची ५ फूट ९ इंच, वजन ७८ किलो, घरी साधं शिलाई मशीन. सिंगल चादरीची दोन्ही टोकं बांधून हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी, करून पाहिला, तर अर्ध्या तासात पोटऱ्या दुखायला लागल्या, खांदे आवळले गेले आणि पाठीला बाक आला. आता नाशिकच्या मेन रोडवरच्या दुकानदाराने तीन कापडं काढून दाखवली आहेत: ‘पॅराशूट’, छत्रीचं कापड आणि जाड सुती मॅटी. त्यातलं सगळ्यात मजबूत कोणतं, हे तुम्हाला हवंय. वापर मुख्यतः इगतपुरी, त्र्यंबक आणि भंडारदऱ्याच्या बाजूला, पाऊस ओसरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत, रात्रीच्या मुक्कामाला.

या तिघांतलं एकच सांगायचं तर ‘पॅराशूट’ घ्या. मात्र त्याला मागून लेप नसावा, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ५८ इंचांचा असावा आणि वजन ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या) आसपास असावं. या अटी त्यात बसत नसतील तर तिन्ही सोडा आणि शर्टिंगचं साधं टेरिकॉट (पॉलिस्टर-सुती मिश्रण) घ्या. अटी याच का, ते समजलं तर दुकानात उभं राहून तुमचा तुम्हालाच निर्णय घेता येईल. म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो.

तुमची चादर फाटली नव्हती. अंग दुखलं होतं. म्हणजे अडचण मजबुतीची नव्हतीच. सिंगल चादर साधारण ६० बाय ९० इंच असते, म्हणजे लांबी २२९ सेंमी. दोन्ही टोकांच्या गाठींत पंधरा-वीस सेंमी तरी जातात. हातात उरले दोन मीटरच्या आत-बाहेर. तुमच्या उंचीला पुरा झालेला हॅमॉक ३२५ ते ३३५ सेंमी लांब हवा. सव्वा मीटरचा फरक आहे. एवढ्या आखूड मापात जगातलं सर्वांत चांगलं कापड घातलं असतं तरी पाठीला तोच बाक आला असता.

लांबी एवढी का लागते? टोकं गोळा करून बांधलेल्या हॅमॉकमध्ये मधोमध सरळ झोपलं तर शरीर कापडाच्याच वळणात बसतं: डोकं वर, पाय वर, कंबर खाली. आराम मिळतो तो तिरकं झोपल्यावर. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला २० ते ३० सेंमी आणि पाय दुसऱ्या बाजूला तितकेच सरकवले की पाठ जवळजवळ सपाट होते. असं तिरकं व्हायला कापडात लांबीही हवी आणि रुंदीही. आखूड हॅमॉकमध्ये दोन टोकांना जोडणारी मधली पट्टी ताठ राहते, आणि तिरकं झोपलं की तीच नेमकी पोटरीखाली किंवा गुडघ्यामागे येते. तुमच्या पोटऱ्या त्यामुळे दुखल्या. लांबी वाढवली की ही पट्टी बरीच सैल पडते.

मी मापासाठी एक सोपा हिशोब वापरतो: उंचीत दीड मीटर मिळवायचा. तुमचे १७५ अधिक १५०, म्हणजे ३२५. त्याच्या खाली उतरू नका; ३३० धरून चाला. दोन्ही टोकांच्या नेफ्यासाठी ५-५ सेंमी, काटकोनात कापताना थोडं वाया जाणार, म्हणून दुकानात साडेतीन मीटर मागा. सुती असेल तर पावणेचार, कारण ते आटणार. रुंदी १४० सेंमीच्या आसपास पुरते आणि ५८ इंची पन्ह्यात ती आपोआप मिळते: १४७ सेंमीतून दोन्ही कडांच्या दुमडीत अडीच-अडीच सेंमी गेले की १४२ उरतात. ४४ इंची पन्हा, म्हणजे ११२ सेंमी, मोठ्या माणसाला अपुरा. त्यात खांदे आवळले जातात आणि तिरकं होताना एक कोपर बाहेर लटकतं.

आवडलेलं कापड ४४ इंचीच असेल तर एका बाजूला ४० सेंमीची पट्टी लांबीच्या दिशेने जोडता येते. जोड सपाट दुहेरी शिवणीचा हवा, जीन्सच्या पायाला असतो तसा. पन्ह्याचे दोन सारखे तुकडे करून मधोमध जोड देऊ नका. तिरकं झोपल्यावर तो कंबरेखालून जातो आणि रात्रभर जाणवतो. तसं पाहिलं तर ५८ इंची मिळत असताना जोड देण्यात अर्थ नाही. पातळ सिंथेटिक कापडात प्रत्येक लांब शिवण म्हणजे सुईच्या भोकांची एक जादा रांग.

आता मजबुतीचं बघू. हॅमॉकची टोकं झाडाला बांधणाऱ्या पट्ट्या जमिनीच्या रेषेशी साधारण ३० अंशांत असतील तर प्रत्येक बाजूवर जवळपास तुमच्या वजनाइतका ओढा येतो, तुमच्या बाबतीत ७८ किलो. तोच कोन १५ अंशांवर आणला की ओढा जवळपास दुप्पट होतो, १० अंशांवर जवळपास तिप्पट. हॅमॉक तारेसारखा ताठ बांधला की सपाट झोपायला मिळेल अशी समजूत असते, होतं उलट. कडा वर उठून खांद्यांना दाबतात आणि कापड, दोरी, झाड सगळ्यांवर विनाकारण भार पडतो.

३० अंशांतला ७८ किलोचा ओढा १४० सेंमी रुंदीवर वाटला तर सरासरी सेंटिमीटरला अर्ध्या किलोपेक्षा थोडा जास्त पडतो. तो सगळीकडे सारखा नसतो, अंगाखाली जास्त आणि कडेला कमी. तरी त्याच्या काही पट धरला तरी ६० जीएसएमचं नवं, दाट विणीचं नायलॉन किंवा पॉलिस्टर तो पेलतं. हॅमॉक फाटतात ते दुसऱ्याच कारणांनी. खिशातली किल्ली किंवा पट्ट्याचं बक्कल कापडाला छेद देतं. करवंदीचा काटा लागतो. टोकाची शिवण बारीक टाक्यांनी कापडाला कापत जाते. आणि सर्वांत जास्त घात करतं ते ऊन. म्हणून दुकानात ‘मजबूत द्या’ म्हणून जाड माल मागू नका. जाड कापड घडी करायला अवजड, टोकाला चुण्या घालायला अवघड, वाळायला मंद. झोपेच्या सुखात त्याने काही भर पडत नाही.

माप बरोबर आल्यावर दोन कापडांतला फरक जाणवतो तो मुख्यतः एकाच गोष्टीत: वजन पडल्यावर कापड किती वाढतं.

फार वाढणारं कापड पहिल्या दहा मिनिटांत मऊ वाटतं. मग कंबर, जी शरीराचा सर्वांत जड भाग, हळूहळू खाली बसत जाते, गुडघे उलट्या बाजूला ताणले जातात आणि पहाटे पाठ धरते. अजिबात न वाढणारं कापड सपाट झोपवतं, पण खांद्याला आणि पोटरीला कडक लागतं; त्याला लांबी थोडी जास्त द्यावी लागते. तुमच्या वजनाला मधलं कापड हवं. ३५-४० जीएसएमचं नायलॉन वजनदार माणसाखाली फारच वाढतं. साठ-पासष्ठ किलोच्या माणसाला ते छान बसतं, तुम्हाला नाही. नायलॉन असेल तर तुम्ही ५५ ते ६५ जीएसएममध्ये राहा. पॉलिस्टर मुळात कमी वाढतं, त्यामुळे त्यात ५०-५५ सुद्धा चालेल.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. दुकानदार तोंडी सांगतो तो आकडा बहुतेक वेळा अंदाजाचा असतो. नमुना म्हणून पाव मीटर घ्या, त्यातून अगदी मोजून १० बाय १० सेंमीचा चौकोन कापा आणि बारीक वजनकाट्यावर टाका. ०.६ ग्रॅम भरला तर कापड ६० जीएसएम. स्वयंपाकघरातला काटा एवढं बारीक वजन दाखवत नाही. ओळखीचा सोनार असेल तर सराफ बाजार मेन रोडवरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नाहीतर एक अख्खा मीटर घेऊन घरच्या काट्यावर ठेवा: ५८ इंची पन्ह्याचा मीटर ९० ग्रॅमच्या आसपास भरला की ६० जीएसएम झालं.

वाढ मोजायचीही सोय आहे. नमुन्यातून लांबीच्या दिशेने ५ सेंमी रुंद पट्टी कापा. पाव मीटर नमुन्यात ती लहान पडते, म्हणून दोन कापडांत निवड अडली असेल तर पाऊण मीटर घेतलेला बरा. पट्टीवर पेनाने ५० सेंमी अंतरावर दोन खुणा करा. वरचं टोक दाराच्या कडीला घट्ट बांधा, खालच्या टोकाला तीन किलोची पिशवी लटकवा आणि तासाभराने खुणांमधलं अंतर मोजा. तीन किलो अशासाठी की हॅमॉकमध्ये ५ सेंमी रुंदीवर सरासरी तितकाच ओढा येतो. अंतर एक-दीड सेंमी वाढलं तर ठीक. तीन सेंमीवर गेलं तर त्या कापडात तुमची कंबर बसणार. हे माझे कामचलाऊ आकडे आहेत, पण दोन नमुने शेजारी लटकवून केलेली तुलना सहसा फसत नाही. पिशवी काढल्यावर पट्टी मूळ मापावर येते का, तेही बघा. जे कापड परत येत नाही ते दर मुक्कामाला थोडं थोडं सैल होत राहील.

उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेलाही हाताने ओढून पाहा. कोणतंही मागावरचं कापड उरेबात जास्तच वाढतं, आणि तुम्ही तिरकं झोपणार म्हणजे थोडा ओढा उरेबातच येणार. हातभर अंतरावर धरून ओढलं आणि सोडल्यावर तिथे चुण्या राहिल्या, तर वीण विरळ आहे. असं कापड नको.

हवा खेळणं ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. छत्रीचं कापड मी यामुळेच बाद करतो. त्याला पाणी थांबवणारा लेप असतो. पाठीचा घाम बाहेर जात नाही, आणि थंडीच्या रात्री तोच आतून ओला-गार होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर त्यात तासभरही झोपवणार नाही. लेप ओळखायला कापड तोंडाला घट्ट लावून फुंका. हवा पलीकडे हाताला लागली पाहिजे. मग दोन्ही बाजूंनी नखाने हलकं खरवडा. एका बाजूला रबरी चमक किंवा पांढरट रेघ उमटली तर लेप आहे. जॅकेटसाठीच्या काही कापडांना लेप नसतो, पण गरम रुळांखालून काढून ती इतकी दाबलेली असतात की हवा जातच नाही. तीही फुंकून लगेच कळतात. छत्रीचं कापड मनात भरलंच असेल तर वरच्या छतासाठी ठेवा, तिथे ते योग्य आहे.

‘पॅराशूट’ हे बाजारातलं सैल नाव आहे. त्याखाली नायलॉन टॅफेटा (पातळ, गुळगुळीत, साध्या विणीचं कापड) मिळतं, पॉलिस्टर टॅफेटा मिळतं, लेप दिलेलं मिळतं, बिनलेपाचंही मिळतं. नाशिकच्या दुकानांत सिंथेटिक माल बराचसा सुरतेहून येतो, आणि पुढच्या खेपेला त्याच नावाखाली वेगळं कापड येऊ शकतं. त्यामुळे ओळखीच्या कुणी घेतलं होतं तेच मिळेल या भरवशावर राहू नका. १९०टी किंवा २१०टी असा आकडा सांगितला तर तो एका इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज असतो. दाटपणाचा अंदाज त्यावरून येतो, धाग्याच्या जाडीचा येत नाही. म्हणून वजन करून पाहणं टळत नाही.

नायलॉन की पॉलिस्टर, हे घरी ओळखता येतं. दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा आणि काडीच्या ज्योतीजवळ न्या. दोन्ही वितळून आकसतात. पॉलिस्टर काळा धूर सोडतं आणि काळा टणक मणी उरतो. नायलॉनचा धूर कमी आणि मणी करडा-तपकिरी. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख उरते. मिश्रण असेल तर थोडी राख, थोडा मणी.

निवडीत या फरकाला किंमत आहे, खास करून इगतपुरीच्या बाजूला. नायलॉन हवेतला ओलावा धरतं, नेहमीच्या दमटपणात स्वतःच्या वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास, आणि ओलं झाल्यावर जास्त वाढतं. धुक्याच्या रात्री संध्याकाळी बरोबर बांधलेला नायलॉनचा हॅमॉक पहाटे खाली आलेला असतो. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा ओलावा धरत नाही, म्हणून ते फारसं बदलत नाही आणि झटकून गुंडाळता येतं. उलट नायलॉन घर्षणाला चिवट आणि अंगाला मऊ. येवला, सिन्नरकडच्या कोरड्या भागात मुक्काम असते तर मी दोन्ही सारखीच धरली असती. तुमच्या धुक्या-दंवाच्या ठिकाणांसाठी माझा कल पॉलिस्टरकडे आहे.

रिपस्टॉप मिळालं तर चांगलंच. त्यात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची जाळी विणलेली असते आणि छोटा छेद त्या जाड धाग्यापाशी अडतो. पण नुसते चौकोन छापलेलं कापडही रिपस्टॉप म्हणून विकलं जातं. उजेडासमोर धरा आणि रेघेवरून नख फिरवा, जाड धागा बोटाला कळतो. पतंगासाठीचं किंवा शिडाचं कडक, खळखळ वाजणारं रिपस्टॉप मात्र नको. त्यात भरपूर राळ असते, हवा जात नाही आणि चुण्यांवर चिरतं.

सुती मॅटीबद्दल. नुसती दुपारची झोप असती, घरामागच्या आंब्याखाली, तर मी डोळे मिटून सुती सांगितलं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्याइतकं सुखाचं काही नाही, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर सिंथेटिकला जसं पटकन वितळून भोक पडतं तसं याला पडत नाही. पण २०० जीएसएमची मॅटी ३३० बाय १४२ मापात साडेनऊशे ग्रॅमच्या घरात जाते; ६० जीएसएमचं टॅफेटा त्याच मापात तीनशेच्या आत राहतं. दंव पडल्यावर मॅटी आणखी जड होते, दुपारपर्यंत वाळत नाही आणि ओली गुंडाळून घरी आणली की बुरशीचे काळे ठिपके धरते. पाठीवर सामान घेऊन चढायचं असेल तर ती नको. गाडी थेट मुक्कामापर्यंत जात असेल तर विचार करायला हरकत नाही, पण मॅटीपेक्षा हलकं आणि दाट केसमेंट (साध्या विणीचं सुती कापड) बघा. मालेगावच्या मागावरचा कोरा मांजरपाटही चालतो. त्यात खळ असते आणि तो चांगलाच आटतो. कापण्याआधी रात्रभर भिजत घाला, गरम पाण्यात धुवा, वाळवा, पुन्हा एकदा धुवा. न धुता शिवलेला मांजरपाट पहिल्या पावसात १५-२० सेंमीने आखूड होऊ शकतो आणि सगळं माप बिघडतं.

टेरिकॉट शर्टिंगकडे लोक हॅमॉकसाठी पाहत नाहीत, पण पहिल्या हॅमॉकसाठी मला ते फार आवडतं. ५८ इंची पन्हा सहज मिळतो, १०० ते १३० जीएसएम असतं, वाढ कमी, अंगाला बरं, सुतीपेक्षा लवकर वाळतं आणि घरच्या मशीनखाली सरकत नाही. वजन टॅफेटाच्या दुप्पट, एवढाच दोष. माप चुकण्याची धास्ती असेल तर आधी स्वस्तातलं टेरिकॉट घेऊन एक शिवा, आठवडाभर झोपून पाहा, लांबी-रुंदी मनासारखी ठरवा आणि मग चांगलं टॅफेटा कापा.

काही गोष्टी सरळ टाळा. होजिअरीचं कोणतंही कापड नको, ते वाढतच जातं. द्राक्षबागेतलं उरलेलं शेडनेट मजबूत दिसतं, पण उघड्या त्वचेला काचतं, आणि बागेवर दोन-चार उन्हाळे काढलेलं असेल तर आतून कमकुवत झालेलं असतं. ताडपत्री हवा जाऊ देत नाही आणि घडीवर चिरते. साडीची झोळी बाळाला उत्तम, पण मोठ्या माणसाला तिचा पन्हा कमी पडतो.

थंडी हा वेगळा मुद्दा, आणि कापड घेण्याआधीच ठरवायचा. नाशिक जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो, निफाडकडे त्याहून बराच खाली. हॅमॉकमध्ये थंडी खालून लागते, कारण स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग दबून जातो, त्यातली हवा निघून जाते आणि खालून वारा वाहत असतो. वरून तीन पांघरुणं घेतली तरी पाठ गारच. त्यावर उपाय म्हणजे पाठीखाली फोमची चटई. नुसती ठेवलेली चटई रात्री सरकते, म्हणून हॅमॉक दुपदरी करायचा आणि चटई दोन पदरांमध्ये घालायची. तेव्हा ६० जीएसएमचा एक पदर घेण्याऐवजी ४०-४५ जीएसएमचे दोन घ्या. भार दोघांत वाटला जातो. दोन्ही पदर एकाच थानातले हवेत. वेगवेगळ्या वाढीची कापडं एकत्र शिवली तर एक ताठ राहतं, दुसरं लोंबतं आणि सगळा भार ताठ पदरावरच येतो. लांब कडा एकत्र शिवताना एका बाजूला, डोक्याच्या टोकाकडे, मीटरभर भाग उघडा ठेवा. दुपदरीचा आणखी एक फायदा आहे. एकपदरी पातळ कापडातून डास खालून चावतात. चटई आणि दोन पदर असले की पाठ सुटते. धरणांच्या काठाला हे फार जाणवतं.

शिवणीत कापडाला सांभाळायचं असतं. काठ नेहमी हॅमॉकच्या लांबीला समांतर, म्हणजे उभा ताणा डोक्यापासून पायापर्यंत गेला पाहिजे. उरलेल्या तुकड्यातून आडवं किंवा उरेब कापलेलं कापड एका बाजूला ओढत जातं आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. सिंथेटिकच्या कडा कात्रीने कापल्या तर उसवतात. काचेवर ठेवून सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने कापल्या तर वितळून बंद होतात. खिडकी उघडी ठेवून करा. पातळ टॅफेटाला ११ नंबरची सुई, टेरिकॉट किंवा केसमेंटला १४. बोथट सुई पातळ कापडात भोकाऐवजी चीर पाडते, म्हणून नवी सुई लावूनच सुरुवात करा. धागा पॉलिस्टरचा, सुती धागा ओलाव्याने कुजतो. टाका ३ मिमीचा ठेवा. बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण हे इथे लागू पडत नाही, पातळ कापडात जवळजवळ पडलेली भोकं एका रेषेत फाटतात. टाचण्या कापडाच्या मध्यभागी टोचू नका, कडेला चिमटे लावा.

लांब कडांना दीड सेंमीपर्यंतची दुहेरी दुमड पुरते. आखूड कडांना नेफा: आधी १ सेंमी आत दुमडा, मग ४ सेंमी, आणि ३-३ मिमी अंतरावर शिवणीच्या तीन रांगा घाला. प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना उलट टाके. नेफ्यातून ६ मिमीची पॉलिस्टर दोरी ओवून तिचा फास आवळला की चुण्या सारख्या पडतात. चुण्या हाताने एकसारख्या बसवा. एका बाजूला गोळा झालं तर झोपताना तीच कड ताठ राहते. दोरी गुळगुळीत घ्या. खरखरीत सुतळी किंवा काथ्या नेफा आतून घासून काढतो.

दोन्ही टोकांच्या फासांना जोडणारी एक बारीक, न वाढणारी दोरी वरून बांधा. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवा, म्हणजे ३३० ला २७४ सेंमी. झाडं जवळ असोत की लांब, हॅमॉकचा झोल दर वेळी सारखा राहतो. कापडाची परीक्षाही नीट होते, कारण झोल बदलला की तेच कापड वेगळं वाटतं. झाडाला २५ मिमी किंवा त्याहून रुंद पट्टी वापरा, नुसती दोरी सालीत रुतते. झाडं साडेचार मीटर अंतरावर असतील तर पट्टी जमिनीपासून साधारण १.८ मीटरवर बांधली की बसायला खुर्चीइतकी उंची मिळते. शेवगा, पांगारा अशी ठिसूळ झाडं टाळा. द्राक्षमांडवाच्या लोखंडी अँगललाही बांधू नका. मांडव त्याच्या स्वतःच्या भाराचा आणि तारांचा हिशोब करून उभा केलेला असतो, आणि तुमच्या वजनाला त्यावर ७० किलोच्या जवळपास आडवा ओढा येईल. राखीव वनात किंवा अभयारण्यात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते, ती आधीच काढून ठेवा.

शिवून झाल्यावर पहिल्यांदा गुडघ्याच्या उंचीवर, गवतावर किंवा गादीवर बांधा. आधी दोन्ही हातांनी दाबा, मग बसा, मग पाय वर घ्या. दहा मिनिटांनी उतरून नेफ्याच्या शिवणी उजेडासमोर धरा. सुईची भोकं लांबट झालेली दिसली तर कापड त्या वजनाला पातळ आहे किंवा टाका बारीक आहे. अशा हॅमॉकमध्ये रात्र काढू नका.

तिथून पुढे सांभाळायचं ते उन्हापासून. गच्चीवर दोन महिने टांगून ठेवलेला हॅमॉक दिसायला ठणठणीत असतो, पण धागे ठिसूळ झालेले असतात. सहल संपली की काढा, सावलीत पूर्ण वाळवा, सैल पिशवीत ठेवा. शिवताना त्याच कापडाची चार बोटांची पट्टी बाजूला काढून कपाटात जपून ठेवा. वर्षभराने हॅमॉकच्या कडेची दुमड आणि ती पट्टी दोन्ही हातांनी ओढून पाहा. कडेचं कापड लवकर हार मानतंय, रंग विटलाय आणि हाताला कोरडं, कडक लागतंय असं दिसलं, की ते सामानाच्या पिशव्या शिवायला काढा आणि हॅमॉकसाठी नवे साडेतीन मीटर आणा.